दहा ट्रान्झिस्टरचा रेडिओ

मलकापुरात माझं रेडिओचं दुकान आहे असं कळलं, की बाहेरगावची माणसं दोन गोष्टी हमखास विचारतात. एक, "यजमान बसत नाहीत का दुकानात?" आणि दोन, "तुम्हाला त्यातलं कळतं?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. यजमान शाळामास्तर आहेत आणि त्यांना त्यांचं काम पुरतं. दुसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे. दिवाळी अंकासाठी लिहा असा आग्रह झाला, तेव्हा तेच लिहावं असं ठरवलं.

रेडिओ उघडून दुरुस्त करणं मला आजही जमत नाही. कुठली तार कुठे जाते विचाराल, तर मी तुम्हाला कारागिराकडे पाठवीन. पण रेडिओच्या धंद्यात पैसा कुठून येतो, कुठे अडकतो आणि कुठे मरतो, हे मला कळतं. ते कळण्यासाठी ट्रान्झिस्टरच्या आत शिरावं लागलं नाही. त्याच्या भोवती नीट फिरावं लागलं.

दुकान माझ्या दिरानं काढलं होतं. वर्षभरात त्याला नागपूरला सरकारी नोकरी लागली. दुकानात पैसे माझे होते, म्हणून मी बसले. लोक म्हणाले, चार दिवस बसेल आणि कंटाळेल. त्यांचं चुकलं, कारण मला घरी बसण्याचाच कंटाळा जास्त होता. शिवाय माझे वडील इथल्याच एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस बघायला होते. गाडीतला मूठभर कापूस हातात घेऊन त्यातून रुई किती आणि सरकी किती निघेल, हे ते सांगत. त्याला आमच्याकडे उतारा म्हणतात. जेवताना आमच्या घरी भाजीपेक्षा उताऱ्याची चर्चा जास्त व्हायची. माल बघायचा कसा, हे मी तिथं शिकले. रेडिओ नंतर आला.

दुकान हाती आलं तेव्हा विक्रीला होते ते काचेच्या दिव्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे रेडिओ. लाकडी पेटी, वर विणलेला रुमाल, छतावर अँटेनाची तार. त्यांना वीज लागायची, आणि आमच्या तालुक्यातल्या बहुतेक गावांत ती पोचलेली नव्हती. नवं राज्य झाल्याला थोडीच वर्षं झाली होती. खांब येणार, खांब येणार असं सगळीकडे चाललं होतं. तेवढ्यात ट्रान्झिस्टर आला. बॅटरीच्या सेलवर चालणारा, खांद्याला अडकवून शेतात नेता येणारा. खांब यायच्या आधी गाणी पोचली.

गिऱ्हाईक बदललं. पूर्वी डॉक्टर, वकील, कापसाचे व्यापारी यायचे. आता बाजाराच्या दिवशी धोतरात माती घेऊन माणसं यायची आणि रोख मोजून रेडिओ न्यायची. घासाघीस करायची, पण त्यांच्या पद्धतीनं. नांदुऱ्याकडचे एक पाटील आले. त्यांनी रेडिओ लावून पाहिलाच नाही. दोन्ही हातांत धरून तोलला आणि म्हणाले, "हे तं पोकळ हाय बाई. यात माल कुठं हाय?"

मी म्हटलं, "हलका आहे हाच त्याचा गुण आहे, पाटील."

"हलकं ते हलकंच. गूळ असो का रेडू."

पुढे एका बनवणाऱ्यानं पेटीच्या तळाशी लोखंडी पट्टी बसवलेली मी स्वतः पाहिली. काही उपयोग नाही, फक्त वजनासाठी. तो रेडिओ आमच्या भागात चांगला खपला.

वजनानंतर आकडा आला. "किती ट्रान्झिस्टरचा?" हा प्रश्न कुठून सुरू झाला कोण जाणे, पण एकदा सुरू झाल्यावर लग्नाच्या बैठकीत शिरला. घड्याळ, सायकल आणि रेडिओ असं ठरायचं, आणि रेडिओ म्हणजे सहाचा, आठाचा की दहाचा, तेही ठरायचं. एका मुलीचे वडील आले. मी म्हटलं, "आठाचा घ्या. आवाज तोच, किंमत कमी."

"आवाजाचं मले काय सांगता बाई? बैठकीत दहा ठरले. आठाचा नेला तं व्याही मांडवातच मोजीन."

"उघडून?"

"हाव, उघडून! पेचकस घेऊन येतो म्हने तो."

मी दहाचा दिला. त्यांच्याशी वाद घालून लग्न मोडायचं नव्हतं.

आता ट्रान्झिस्टर म्हणजे काय, ते मला जेवढं समजलं तेवढं सांगते. तुरीच्या दाण्याएवढी एक धातूची टोपी असते आणि तिला तीन पाय असतात. आत एका खास पदार्थाचा बारीकसा कपचा असतो. काचेचा दिवा जे काम तापून, वीज खाऊन करायचा, म्हणजे हवेतून आलेला बारीक आवाज मोठा करायचं, तेच काम हा थंडपणे, चिमूटभर विजेवर करतो. साध्या रेडिओला असे सहा पुरतात. आठ असले तर आवाज जरा दमदार. त्यापुढे काय, हा प्रश्न मी बरेच दिवस विचारला नव्हता. विचारायची वेळ आली ती माझी नणंद वत्सला हिच्यामुळे.

वत्सला मोताळ्याकडे दिलेली. माझ्या सासऱ्यांनी तिच्या नावावर एक शेत केलं होतं. काळं, खोल, चांगल्या उताऱ्याच्या कापसाचं. नवं धरण झालं तेव्हा ते शेत पाण्याखाली गेलं आणि सरकारकडून मोबदला वत्सलाच्या नावानं आला. तिचे यजमान शंकरराव यांच्या वाट्याची जमीन थोडी, तीही भावांबरोबर सामाईक. पदरात दोन मुली. म्हणजे त्या घराचं पुढचं जे काही व्हायचं, ते त्या एका रकमेतून व्हायचं होतं. रक्कम बँकेत पडून होती आणि रोज कोणीतरी सल्ला देत होतं. पिठाची चक्की टाका, ट्रक घ्या, सावकारी करा.

अशात मुंबईहून सबनीस नावाचे एक गृहस्थ मलकापुरात आले. पन्नाशीला टेकलेले, गोड बोलणारे, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेले. मुंबईत दोन खोल्यांत ते रेडिओ जोडून विकत. मलकापूर रेल्वेवर आहे, इथं जागा स्वस्त, कामाला हात मिळतील, माल इकडे नागपूरला आणि तिकडे भुसावळला जाईल. म्हणून इथं रेडिओ जोडायचा कारखाना काढायचा, असा त्यांचा बेत होता. भागीदार हवे होते. योजनेतला मुख्य खर्च म्हणजे ट्रान्झिस्टरची एकदम मोठी खरेदी. त्यांचं म्हणणं असं, की परदेशी चलनाची टंचाई आहे, माल कधीही अडेल, भाव चढेल; आत्ताच भरपूर घेऊन गोदामात ठेवायचे.

मलकापुरातल्या चार कापूसवाल्यांना योजनेतला हाच भाग सगळ्यात जास्त आवडला. रेडिओतलं त्यांना काही कळत नव्हतं. पण माल स्वस्त असताना घ्यायचा, गाठी रचायच्या, कुलूप लावायचं आणि भाव चढेपर्यंत पान खात बसायचं, हे त्यांच्या बापजाद्यांपासून चालत आलेलं होतं. चौघांनीही होकार दिला. माझ्या दुकानातला कारागीर दिनकर तर हवेतच होता. त्यानं पोस्टानं शिक्षण घेऊन रेडिओची परीक्षा दिली होती आणि प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर लावलं होतं. सबनीसांनी त्याला कारखान्यात मुख्य करतो म्हणून सांगितलं होतं.

शंकररावांनाही बेत पसंत पडला. एका दुपारी वत्सला आणि ते दोघं दुकानात आले. वत्सला खुर्चीवर बसली, पाणी प्यायली आणि सरळ म्हणाली, "वयनी, तू रेडूवाली हायस. तू टाक म्हनली तं सगळे टाकतो. नको म्हनली तं एक पैसा नाई."

"असं माझ्यावर टाकू नकोस," मी म्हटलं.

"मंग कोनावर टाकू? ह्यायच्यावर?" तिनं नवऱ्याकडे बोट केलं. "हे तं पेपरातल्या जाहिरातीलेबी हाव म्हंतात."

शंकरराव हसले. पण मला हसू आलं नाही. मी त्यांना आठ दिवस थांबायला सांगितलं.

रेडिओ कसा चालतो, हे आठ दिवसांत शिकणं शक्य नव्हतं आणि शिकून उपयोगही नव्हता. जिनिंगचा भागीदार होणाऱ्याला कापसाच्या बोंडात काय चालतं ते कळावं लागत नाही. त्याला चार गोष्टी कळाव्या लागतात: माल कुठून येतो, त्यातून चांगला किती निघतो, वाईटाचं काय करतात, आणि पुढल्या वर्षी भाव काय असेल. तेवढंच विचारायचं ठरवलं. यजमानांचा माधव नावाचा एक जुना विद्यार्थी मुंबईत ट्रान्झिस्टर बनवण्याच्या कारखान्यात इंजिनिअर होता. त्याला पत्र टाकलं आणि शंकररावांना बरोबर घेऊन मी मुंबईला गेले. शंकररावांना मुद्दाम नेलं. मी एकटी जाऊन नकार घेऊन आले असते तर तो माझा नकार झाला असता. त्यांनी स्वतः बघितलेलं बरं.

कारखाना म्हटल्यावर आम्हाला वाटलं होतं की चिमणी असेल, पट्टे फिरत असतील. तिथं तर दवाखान्यासारखी शांतता. बाहेर चपला काढायला लावल्या. पांढरे झगे घातलेल्या मुली वाकून भिंगातून काम करत होत्या. शंकरराव माझ्या कानाशी म्हणाले, "वयनी, हे कारखाना हाय का बाळंतपनाचं हॉस्पिटल?"

माधवनं सगळं दाखवलं. त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं आणि मी ते जाऊ दिलं. मग मी त्याला विचारलं, "उतारा किती पडतो?"

"म्हणजे?"

"शंभर करायला घेतले, तर त्यातून कामाचे किती निघतात?"

तो म्हणाला, "काकू, हा प्रश्न इथं रोज सकाळी विचारतात. फक्त शब्द वेगळा असतो." मग तो आम्हाला शेवटच्या खोलीत घेऊन गेला. मला वाटतं, त्याच्या मनात ती खोली दाखवायची नव्हती, कारण तिथं बघण्यासारखं यंत्र एकही नव्हतं. एक लांब टेबल, आणि मुली एकेक ट्रान्झिस्टर मीटरला लावून काटा बघत होत्या. काटा पुरता गेला तर टोपीवर लाल ठिपका. अर्ध्यावर थांबला तर पिवळा. हललाच नाही तर ठिपका नाही, आणि तो तिसऱ्या डब्यात.

"सगळे एकाच भट्टीतले?" मी विचारलं.

"एकाच भट्टीतले, एकाच हातचे. तरी सारखे निघत नाहीत. आधी करून बघायचं आणि मग निवडायचं. दुसरा उपाय नाही."

हे मला एकदम कळलं. एकाच शेतातला कापूस, पण पहिली वेचणी वेगळी आणि शेवटची किडकी, पिवळट कवडी वेगळी. मग त्यानं सांगितलं, की सुरुवातीला तिसरा डबा सगळ्यात आधी भरायचा. हळूहळू हात बसले, भट्टी कळली, धूळ कमी केली, आणि चांगले जास्त निघायला लागले.

"म्हणून भाव उतरला?"

"उतरला. पुढल्या वर्षी आणखी उतरेल. उतारा वाढतोच आहे."

शंकरराव इतका वेळ तिसऱ्या डब्याकडे बघत होते. ते म्हणाले, "हे फेकून देता का साहेब?"

"नाही. वजनावर विकतो."

"मेलेले?"

"मेलेलेच."

"कोन घेते बाप्पा?"

माधव जरा अवघडला. "रेडिओवालेच घेतात. पेटीत बसवायला. आकडा वाढवायला."

शंकररावांनी माझ्याकडे पाहिलं. "वयनी, मेलेलं ढोर इकल्या जाते हे मले मालूम व्हतं. हे नवं हाय."

परतीच्या गाडीत आमचं बोलणं झालं. मेलेल्या ट्रान्झिस्टरचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. "लोक मोजते तं लोकायले मोजू द्या," असं त्यांचं मत. त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. भाव उतरला आहे म्हणजे घ्यायची हीच वेळ. कापूस पडला की घ्यायचा, चढला की काढायचा.

मी म्हटलं, "भाऊजी, कापसाचा उतारा कोण ठरवतं?"

"जात ठरवते. जमीन ठरवते. पान्याचं नशीब."

"जिनवाल्यानं मनात आणलं तर पुढल्या वर्षी त्याच कापसातून दीडपट रुई काढेल?"

"कशी काढीन? सरकीची का रुई होते?"

"इथं ते दर वर्षी तसं करतात. तिसऱ्या डब्यातलं पहिल्या डब्यात आणतात. म्हणजे आज गोदामात ठेवलेला माल पुढच्या दिवाळीत स्वस्त, त्याच्या पुढच्या दिवाळीत आणखी स्वस्त. कुलूप लावून बसलं तर आत माल पडून राहतो आणि किंमत तेवढी निघून जाते."

नाशिक गेलं, मनमाड गेलं. भुसावळला चहा घेताना ते म्हणाले, "मंग सबनीससाहेब एवढा माल काऊन भरून राह्यले?"

"टंचाई होईल असं त्यांना खरंच वाटत असेल. आणि मलकापूरच्या माणसांना काय आवडतं, हेही त्यांना कळलं असेल."

एवढं झाल्यावर मी नको म्हणून मोकळी झाले असते. पण सबनीस लबाड आहेत असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. म्हणून बाजार बंद असतो त्या दिवशी मी त्यांना दुकानात बोलावलं. त्यांनी नमुन्याचा रेडिओ आणला. दहा ट्रान्झिस्टरचा, लाल चामड्याच्या पिशवीतला, देखणा. वत्सला आणि शंकरराव होते. दिनकर नवीन शर्ट घालून आला होता.

मी रेडिओ लावला. भजन चाललं होतं. मी दिनकरला म्हटलं, "मागचं झाकण काढ. आणि ह्यातले दोन ट्रान्झिस्टर असे काढ की भजन बंद पडणार नाही."

दिनकरनं सबनीसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकू, हे काय परीक्षा घेऊन राह्यल्या?"

"तुझी नाही. रेडिओची."

त्यानं सोल्डरिंगचं गरम टोक लावलं आणि एका कोपऱ्यातले दोन ट्रान्झिस्टर अलगद उचलून काचेवर ठेवले. शोधावेसुद्धा लागले नाहीत. भजन चालूच राहिलं. टाळसुद्धा चुकला नाही.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"सगळ्यायलेच मालूम असते, काकू. दुरुस्तीत कोनी त्यायले हातबी लावत नाही."

"मग मला सांगितलं नाहीस कधी."

"तुमी इचारलं नाही कधी."

सबनीस रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "बाई, गिऱ्हाईक दहा मागतं. मी आठाचा रेडिओ दहाच्या गुणाचा केला तरी तो कोणी घेणार नाही. शेजारचा दहाचा विकतोय. हे दोन मी आवडीनं घालत नाही."

हे खरं होतं. मी स्वतः त्या व्याह्यांसाठी दहाचा दिलाच होता. मी भाव उतरण्याचा मुद्दा काढला. त्यावर त्यांनी परदेशी चलनाचं सांगितलं, आणि तेही अगदी खोटं नव्हतं. आमचं असं पुढे-मागे चाललं असताना वत्सला उठली. तिनं काचेवरचे दोन ट्रान्झिस्टर तळहातावर घेतले.

"साहेब, एक इचारू?"

"विचारा ना."

"कारखान्यात माल कवा घ्यायचा, किती घ्यायचा, कवा इकायचा, हे कोन ठरवन?"

"ते मी पाहीन. तुम्हाला त्याचा काही त्रास होणार नाही."

"मले कोनी इचारन का?"

"वर्षाला हिशेब येईल तुमच्याकडे. नफा घरपोच येईल."

वत्सलानं तळहात त्यांच्या पुढे केला. "मंग आमी ह्या दोनातले. बाकीच्या आठातले नाही. मोजायपुरते."

सबनीसांनी "तसं नाही हो" म्हटलं. मला वाटतं, त्यांना तो प्रश्न आधी कोणी विचारलाच नव्हता. चार कापूसवाल्यांनी तर नक्कीच नाही. त्यांनी दोन ट्रान्झिस्टर कागदात गुंडाळून खिशात ठेवले, चहा घेतला आणि गेले.

कारखाना निघाला. तीन वर्षं चांगला चालला, हे मान्य करायला हवं. त्या तीन वर्षांत मला गावानं बरंच ऐकवलं. "रेडूवाल्या बाईले रेडूच समजला नाही," असं एका कापूसवाल्यानं माझ्या तोंडावर म्हटलं आणि मी त्याला सेलची जोडी विकली. मग भाव घसरले. गोदामातल्या खोक्यांपेक्षा बाजारात नवा माल स्वस्त मिळायला लागला. कुलूपवाल्यांनी चढेल, चढेल म्हणत आणखी वर्ष काढलं. शेवटी सबनीस मुंबईला परत गेले आणि भागीदार पुन्हा गाठी रचायला लागले. दिनकर तिकडे गेला होता, तो माझ्याकडे परत आला नाही. त्यानं समोरच स्वतःचं दुकान टाकलं आणि आजही मला दुरून नमस्कार करतो.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या कारखान्यात गावातल्या मुली कामाला जायच्या. सकाळी डबे घेऊन माझ्या दुकानावरून हसत जायच्या. काम बंद झालं तेव्हा त्या घरी बसल्या आणि एकेक करून त्यांची लग्नं झाली. खरेदीत माझा शब्द चालेल अशी अट घालून मी आत शिरले असते, तर काही वेगळं झालं असतं का, हे मी अधूनमधून मनात घोळवते. मी नकार द्यायला गेले होते; अट घालायचं मला सुचलं नाही.

अट घालायचं सुचलं ते वत्सलाला, आणि ती घातली तिनं मलाच.

त्या भजनाच्या दिवशी सबनीस दुकानातून गेले, त्यानंतर आठवड्याच्या आत ती नवऱ्याला घेऊन पुन्हा आली. म्हणाली, "अर्ध्याची जमीन घेतो, कोरडवाहू का असंना. अर्धे तुह्या दुकानात टाकतो. पन मी बसीन दुकानात."

मला आनंद झाला. तो मी दाखवला नाही. मी आधीच मनाशी चार आण्यांची, म्हणजे रुपयात पाव हिश्शाची, भागीदारी ठरवून ठेवली होती आणि तसं तिला सांगितलं.

"आधी दाखव," ती म्हणाली.

"काय दाखवू?"

"दुकान. माल. कपाटं उघड."

तिनं पदर खोचला आणि एकेक फळी बघायला सुरुवात केली. ट्रान्झिस्टर कधी आले, किती गेले, सेल किती दिवसांत संपतात, दुरुस्तीला आलेले किती लोक परत नेतच नाहीत. मी पटापट उत्तरं देत होते. मग ती मागच्या खोलीतल्या मोठ्या फळीपाशी आली. तिथं जुन्या चादरीखाली काचेच्या दिव्यांचे लाकडी रेडिओ होते. तिनं चादर उचलली.

"हे कवाचे?"

"चांगले आहेत. लाकूड बघ त्यांचं. आता गावोगाव वीज येतेय, त्यांनाही गिऱ्हाईक येईल."

"कवाचे, वयनी?"

"तीनेक वर्षांचे."

"अन् तू हे भांडवलात कोनत्या भावानं धरले?"

"घेतल्या भावानं."

शंकरराव दारात उभे होते. ते छताकडे बघायला लागले. वत्सला मात्र माझ्याकडेच बघत होती, रागानं नाही, कापसाच्या गाडीपाशी उभं राहून बघतात तशी.

"तू ह्यायले गाडीत काय सांगितलं ते मले ह्यायनं घरी येऊन सगळं सांगितलं," ती म्हणाली. "हे वजा कर."

मी पेन्सिल घेतली आणि वजा केले; माझं भांडवल तेवढं घटलं आणि तिच्या पैशाचा वाटा तेवढा वाढला. चार आणे द्यायला मी बसले होते. उठले तेव्हा ती सहा आण्यांची धनी झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी पहिलं काम म्हणून ते लाकडी रेडिओ मिळेल त्या किमतीला काढून मोठी फळी मोकळी करायची, असं तिनं ठरवून टाकलं होतं.